शेततळ्यात पडलेलं जनावर बाहेर येणार कसं?

निफाडचा_मळेकरी | १८ फेब्रुवारी, रात्री ९:४०

परवा पहाटे साडेपाचला लाइट आली म्हणून मोटार चालू करायला तळ्यावर गेलो. बॅटरी मारली तर पाण्यात दोन डोळे चमकले. कोल्हा होता. कडेकडेनं पोहत होता. काठाशी आला की पुढचे पाय कागदावर टाकायचा, नखं खरखर वाजायची, वीतभर वर यायचा आणि सुळकन परत पाण्यात. कधीपासून पोहत होता देव जाणे, पण नाक तेवढं पाण्याबाहेर उरलं होतं.

ज्यांनी शेततळं जवळून बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. माझं ३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल. चारी बाजूंनी उतार आणि त्यावर ५०० मायक्रॉनचा काळा प्लास्टिक कागद. पाण्याच्या रेषेला शेवाळ धरतं. कोरडा कागद गुळगुळीत, ओला आणि शेवाळलेला म्हणजे नुसता साबण. विहिरीला निदान कुठे दगड निघालेला असतो, कपारीत उंबर उगवलेला असतो. इथे नखाला धरायला काहीही नाही. वरून बघितलं तर उतार इतका सोपा वाटतो की जनावर बिनधास्त पाणी प्यायला उतरतं.

आधी शिडी टाकली, तर घाबरून मधोमध गेला. मग शेडमधली कांद्याची बारदानं आठवली. पाच-सहा सुतळीनं एकाला एक बांधली, वरचं टोक कुंपणाच्या अँगलला आवळलं, पट्टा पाण्यात सोडला आणि लांब जाऊन बसलो. पंधरा-वीस मिनिटं काहीच नाही. मग पट्ट्याशी आला, पाय रोवले, चढला. वर आल्यावर अंग झटकलं, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही आणि शेजारच्या उसात शिरला.

खरं सांगायचं तर हा चर्चेचा धागा कोल्ह्यासाठी काढलेला नाही. संक्रांतीच्या आसपास याच तळ्यात एक ससा आणि एक मांजर तरंगताना मिळालं होतं. बांबूनं ओढून काढलं, बांधापलीकडे पुरलं आणि कामाला लागलो. पाणी खराब झालं याचाच राग जास्त आला होता. कोल्हा गेल्यावर ते दोघं आठवले. ते असेच कडेकडेनं फिरले असणार आणि मी तेव्हा घरात झोपलो होतो.

तर विचारायचं असं, की कायमची सोय काय करता येईल? कागदाला भोक पडता कामा नये. कागद बदलायचा म्हणजे एका हंगामाची कमाई गेली. आणि खर्च आवाक्यातला हवा.

---

लासलगाव_पॅसेंजर | १८ फेब्रुवारी, रात्री १०:१५

मळेकरी, आमच्या सामूहिक तळ्यात तीन वर्षांपासून टायर आहेत. मोटारसायकलचे जुने टायर पंक्चरवाल्याकडे फुकट मिळतात. नायलॉनच्या जाड दोरानं एकाखाली एक बांधायचे, माळेसारखे. वरचा दोर बांधावर पुरलेल्या खांबाला, आणि माळ थेट तळापर्यंत. पाणी उन्हाळ्यात खाली जातं हे विसरू नका. वरच्या चार फुटांत माळ सोडली तर एप्रिलमध्ये ती हवेत लटकते आणि खाली पडलेला तसाच मरतो.

अनुभवाच्या दोन गोष्टी. झिजून तार बाहेर आलेला टायर घेऊ नका, एका तारेनं आमचा कागद फाडला होता. बांधायला बाइंडिंगची तार अजिबात नको, दोरच. आणि एकच माळ पुरत नाही. पडलेलं जनावर कडेनं फिरत राहतं आणि कोपऱ्यात जाऊन अडकतं. म्हणून चारही कोपऱ्यांत एकेक टाका.

---

थेट_बोलतो | १८ फेब्रुवारी, रात्री १०:५२

राग मानू नका, पण शेतकऱ्याला भाव मिळेना आणि आपण कोल्ह्याला शिडी लावतोय. तोच कोल्हा उद्या तुमची बाग खाईल. आधी माणसांचं बघा.

---

निफाडचा_मळेकरी | १८ फेब्रुवारी, रात्री ११:०५

थेटसाहेब, कोल्ह्याला द्राक्षं आंबट ही म्हण ज्यानं काढली त्यानं माझ्या बागेत एक रात्र मुक्काम करावा. खातो, मला माहीत आहे. खालचे घड त्याचेच. पण उंदीर आणि घुशीही तोच खातो, त्याचा हिशेब कोणी लिहून ठेवत नाही.

आणि माणसांचं म्हणाल तर दर उन्हाळ्यात पोहायला उतरलेली पोरं शेततळ्यात गेल्याची बातमी येतेच. एक घसरतो, दुसरा काढायला जातो, तोही जातो. तोच कागद, तेच शेवाळ. टायरची माळ कोल्ह्याला चालते तशी पोरालाही चालते.

---

थेट_बोलतो | १८ फेब्रुवारी, रात्री ११:२०

हे मात्र पटलं. आमच्या भावकीत असं झालेलं आहे. जास्त लिहीत नाही.

---

वऱ्हाडी_ठेचा | १९ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

काहून बा, तळ्याचंच घेऊन बसले सगळे! आमच्याकडे विहिरी पहा. जमिनीच्या बरोबरीनं, ना कठडा ना काही. रात्री रोह्यांचा (नीलगायींचा) कळप धावत सुटला की एखादं वासरू आत. एका उन्हाळ्यात आमच्या शेजाऱ्याच्या विहिरीत रोही पडली, जेसीबी आणून काढावी लागली. त्या जेसीबीच्या भाड्यात कठड्याच्या विटा आल्या असत्या.

त्याहून वाईट गोष्ट कुंपणात सोडलेल्या करंटची. डुकरांपायी लोक घरातला २३० व्होल्टचा करंट डायरेक्ट तारेत सोडतात. त्यात डुक्कर मरतं, बिबट मरतो, वाघ मेलेले आहेत, आणि पहाटे पाणी द्यायला गेलेला स्वतःचा भाऊही मरतो. झटका मशीन वेगळी गोष्ट आहे. तिचा करंट सलग नसतो, सेकंदाला एखादा क्षणभराचा ठोका असतो. जनावराला चटका बसतो आणि ते मागे फिरतं, चिकटून राहत नाही. मशीन सोलरवर चालते आणि सरकारी योजनेत अनुदानही मिळतं. ज्यांच्या गावात अजून डायरेक्ट चालू आहे त्यांनी निदान आपल्या घरच्याला तरी थांबवा. दुसऱ्याला सांगायला गेलं की भांडण होतं, आपल्या काकाला सांगता येतं.

---

श्रॉपशरचा_सदू | १९ फेब्रुवारी, दुपारी ४:१०

मळेकरी, तुमचा प्रश्न वाचून गंमत वाटली, कारण मी इंग्लंडात ज्या परगण्यात राहतो तिथे याच प्रश्नावर एक संस्थाच उभी राहिली. इथे गुरं रस्त्यानं कुरणाबाहेर जाऊ नयेत म्हणून रस्त्यात खड्डा करून वर लोखंडी नळ्यांची जाळी टाकतात. गाडी जाते, गुरं जात नाहीत. पण हेजहॉग नावाचा एक काटेरी जीव असतो, दिसायला साळूचा पुतण्या वाटावा असा, पण पुष्कळ लहान. तो नळ्यांमधून खाली पडतो आणि भिंत उभी असल्यामुळे उपाशी मरतो. एड्रियन कोल्स नावाच्या गृहस्थांनी त्या खड्ड्यांत उताराची फळी बसवावी म्हणून खटपट केली आणि १९८२ मध्ये त्यातूनच ब्रिटिश हेजहॉग प्रिझर्व्हेशन सोसायटी सुरू झाली. सगळ्याची सुरुवात एका उतारापासून.

आमच्या गल्लीत आता बहुतेकांनी कुंपणाच्या तळाशी १३ सेंटिमीटरचं चौकोनी भोक ठेवलंय, त्याला एका बागेतून दुसरीत जाता यावं म्हणून. परसातल्या छोट्या तळ्यातही एक फळी तिरकी टाकलेली असते. माझ्या शेजारणीनं तिला कोंबड्यांची जाळी ठोकली आहे, पाय घसरू नयेत म्हणून. तुमच्या बारदानाचंच तत्त्व आहे हे.

---

गुरांचा_डॉक्टर | १९ फेब्रुवारी, रात्री ९:००

चांगला धागा. वाचनखूण साठवली.

माझ्या धंद्यातलं सांगतो. गेल्या महिन्यात एक गाय आणली, तालुक्याच्या गावातली, मोकळी फिरणारी. चारा बंद, रवंथ बंद, डावी कूस फुगलेली. पोट उघडलं. पहिल्या कप्प्यात हात घातला की प्लास्टिक एकेक पिशवी म्हणून येत नाही, दोर वळल्यासारखं येतं. ओढत राहायचं. त्या दोरात एक घट्ट गाठ मारलेली पिशवी निघाली आणि आत अख्ख्या पोळ्या होत्या, पिवळ्या पडलेल्या. कोणीतरी "गायीला घालते" म्हणून चांगल्या मनानं ठेवलेल्या. गाईला गाठ सोडता येत नाही हो. वास आला की ती पिशवीसकट गिळते. त्यातच एक दाभण होतं. अशी दाभणं, खिळे आणि तारांचे तुकडे पुढच्या कप्प्यात जातात आणि तिथून हृदय चार बोटांवर असतं. ही गाय वाचली. पुष्कळ वाचत नाहीत.

राज्यात प्लास्टिक पिशवीवर बंदी २०१८ ची आहे. ती किती पाळली जाते ते बाजारात दिसतंच. पण उरलेलं अन्न गाठ न मारता, पिशवीबाहेर, कागदावर किंवा तसंच ठेवणं याला सरकार लागत नाही.

दुसरं, औषधाचं. गाय-म्हैस लंगडली किंवा ताप आला की कोणी मेडिकलमधून माणसांचं डायक्लोफेनॅक (वेदनाशामक औषध) आणून टोचतो. ते जनावर पुढे मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की गिधाडाची मूत्रपिंडं बंद पडतात. नव्वदच्या दशकात गिधाडं नाहीशी झाली तेव्हा आधी रोगाचा संशय होता, २००४ मध्ये हे कारण सापडलं. जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी आली. माणसांच्या मोठ्या बाटल्या गुरांना वापरतात म्हणून २०१५ पासून त्या ३ मिलीच्याच केल्या. असेक्लोफेनॅक गुराच्या अंगात जाऊन डायक्लोफेनॅकच बनतं, त्यावर आणि किटोप्रोफेनवर २०२३ मध्ये बंदी आली. मेलॉक्सिकॅम गिधाडांना चालतं. तर डॉक्टरला एवढंच म्हणा, "मेलॉक्सिकॅम द्या." मी स्वतः डॉक्टर असून सांगतो, विचारणारा पशुपालक आला की आम्ही जरा नीट वागतो. घरी यायला फिरत्या पशुवैद्यकीय गाडीसाठी १९६२ नंबर आहे.

तिसरं, सोडवायला गेल्यावर चावलं, ओरबाडलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करा. चुना, हळद, मिरची नको. मळेकरी, तुम्ही लांब जाऊन बसलात तेच उत्तम केलंत. कोल्ह्याला हातानं काढायला गेला असतात तर मी हा प्रतिसाद वेगळ्या सुरात लिहिला असता.

---

आसारी_येवला | १९ फेब्रुवारी, रात्री १०:३५

येवल्याचा आहे, पतंगाविषयी बोलायचा मला जन्मसिद्ध अधिकार आहे. आमच्याकडे तीन दिवस गाव गच्चीवर असतं, आसारी (मांजाची फिरकी) हातात, हलकडी वाजतेय. त्यामुळे "पतंगच उडवू नका" म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. पण नायलॉन मांजाची आणि पतंगाची सांगड घालू नका. साधा सुती मांजा झाडावर पावसात कुजतो. नायलॉन कुजत नाही. २०१७ मध्ये हरित लवादानं देशभर बंदी घातली, तरी "मोनोफिल आहे का" असं हळूच विचारलं की काउंटरखालून निघतो.

मुद्दा असा, की संक्रांत संपली तरी मांजा संपत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये घारी, बगळे, वटवाघळं अडकतात ती जानेवारीच्या मांजात. आम्ही पाच-सहा जण संक्रांतीनंतरच्या दोन रविवारी बांबूला आकडा बांधून फिरतो. लिंब, गुलमोहर, विजेच्या खांबाजवळची झाडं. (तारांना हात नाही, ते काम वायरमनचं.) गोळा केलेला मांजा कचऱ्यात तसाच टाकायचा नाही, कात्रीनं बारीक तुकडे करून टाकायचा. गुंडाळी टाकली की उकिरड्यावर दुसरंच कोणीतरी त्यात पाय घालतं.

आणि उडवायचाच तर सकाळी उशिरा सुरू करा आणि पाचला उतरवा. पाखरं बाहेर पडतात आणि घरी परततात त्या दोन वेळा सोडा. गुजरातेत करुणा अभियानात हेच सांगतात.

अडकलेला पक्षी मिळाला तर: वर फडकं टाका, डोळे झाकले की शांत होतो. जखमेतला दोरा ओढू नका, दोन्ही बाजूंनी कापा आणि आतला तुकडा डॉक्टरसाठी राहू द्या. भोकं पाडलेलं खोकं, तळाला सुती कापड, अंधार. चोचीत पाणी ओतू नका, ते थेट श्वासनळीत जातं. झाड उंच असेल तर अग्निशमन दलाला फोन करा, येतात.

---

अलकामावशी | २० फेब्रुवारी, सकाळी ११:२०

सगळे शेतातले आणि डोंगरातले दिसताय, मी आपली फ्लॅटमधली. पण उंदराच्या गोंदाच्या पाटीबद्दल बोलतेच. ती पुस्तकासारखी उघडते ना, ती. स्वयंपाकघरात ओट्याखाली ठेवली होती. सकाळी बघते तर एक पाल, दोन झुरळं आणि एक हातभर साप, सगळे एकाच पाटीवर. साप पांढऱ्या पट्ट्यांचा. मला वाटलं मण्यार. हातपायच गळाले. सर्पमित्राला बोलावलं, तो पोरगा म्हणाला, "मावशी, हा कवड्या. पालींच्या मागे घरात येतो, विषारी नाही." मला दोन्ही सारखेच, तुम्हीही ओळखायच्या फंदात पडू नका. दार लावून घ्या, फटीला टॉवेल लावा आणि माणूस येईपर्यंत लांबून नजर ठेवा.

मग त्यानं माझ्याकडून गोडेतेल मागून घेतलं आणि बोटाबोटानं सापाच्या अंगाखाली सोडत गेला. अर्धा तास. गोंद तेलानं सुटतो, पाण्यानं नाही. पाल मात्र तोवर गेली होती. तिचे डोळे उघडेच होते. त्यानंतर पाटी बंद. आता मोरीच्या जाळीला बारीक जाळी बसवली आहे, कचऱ्याला झाकण आहे, आणि उंदीर शेजाऱ्यांकडे गेले आहेत. (शेजारीण इथे वाचत नाही.)

दुसरं म्हणजे नातू. मे महिन्यात दर वर्षी एक पिल्लू उचलून आणतो. "आजी, पडलंय!" अरे, पडलेलं नाही, उडायला शिकतंय. अंगावर पिसं आली असतील आणि टुणटुण उड्या मारत असेल तर आईबाप जवळच असतात. मांजर-कुत्र्यापासून उंच फांदीवर ठेवायचं आणि निघून यायचं. माणसाचा हात लागला की आई घेत नाही, हे खोटं. आमच्या बुलबुलीणीनं घेतलं, मी खिडकीतून पाहिलं. अजिबात पिसं नसलेलं असेल तरच घरट्यात परत ठेवायचं, घरटं मोडलं असेल तर परडीत गवत घालून त्याच झाडाला बांधायची.

---

बिनधास्त_बंड्या | २० फेब्रुवारी, दुपारी १:०५

सोसायटीतल्या कुत्र्यांना खायला घालणं हे प्राणिरक्षण की उपद्रव? आणि दादरच्या कबुतरांचं काय? (पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.)

---

संपादक | २० फेब्रुवारी, दुपारी १:३०

कुत्रे आणि कबुतरं या दोन्ही विषयांवर आधीच धागे आहेत, दोन्ही ४०० प्रतिसादांच्या पुढे गेले आहेत आणि दोन्हीकडे सदस्यांना ताकीद द्यावी लागली आहे. इथे नको. पॉपकॉर्न तिकडे घेऊन जा.

---

गुरांचा_डॉक्टर | २० फेब्रुवारी, दुपारी २:१०

संपादकांच्या परवानगीनं एकच ओळ: नुसती पोळी घालून थांबू नका, नसबंदी आणि लस करून घ्या. ज्या कुत्र्याचा कान टोकाला कापलेला दिसतो त्याची नसबंदी झालेली असते. आपल्या गल्लीत किती कान कापलेले आहेत ते आज मोजा. संपलं.

---

उसाचा_फड | २० फेब्रुवारी, रात्री ८:४५

जुन्नर भागातला आहे. आमच्याकडे सध्या तोडणी चालू आहे आणि तोडणीत पिल्लं सापडतात. बिबट्याची मादी आता उसातच वीते, तिच्या लेखी ऊस म्हणजेच जंगल. कोयता पुढे सरकतो आणि पाचटात दोन-तीन पिल्लं दिसतात, डोळे नुकते उघडलेली. मग काय होतं? अख्खा फड गोळा, मोबाइल बाहेर, पिल्लू या हातातून त्या हातात. आई शंभर पावलांवर उसात बसलेली असते, हे कोणाच्या लक्षात नसतं.

करायचं एवढंच. त्या भागातली तोड थांबवा, माणसं मागे घ्या, १९२६ वर वनविभागाला फोन करा. ते लोक पिल्लं तपासतात आणि संध्याकाळी त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात. रात्री आई येते, क्रेट पाडते, मानगुटीला धरून एकेक नेते. मी कॅमेऱ्यात टिपलेलं बघितलं आहे. शेवटचं पिल्लू न्यायला ती पहाटे आली होती. नाही नेलं तर त्या पिल्लाचा जन्म माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रात, पिंजऱ्यात जातो, आणि चिडलेली आई गावात फिरते ती वेगळीच.

अजून एक. "बिबट्याची पिल्लं" म्हणून जी सापडतात त्यातली कैक वाघाटीची असतात. वाघाटी म्हणजे घरच्या मांजरापेक्षाही लहान रानमांजर. तिचीही पिल्लं तशीच परत ठेवायची असतात. आमच्या टोळीच्या मुकादमाला आता हे सगळं पाठ झालंय, नव्या कोयत्याला, म्हणजे तोडणीच्या नव्या जोडीला, तोच शिकवतो.

---

रंगरेषा | २१ फेब्रुवारी, सकाळी १०:००

खरेदीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. मी चित्रं काढतो. कॉलेजात असताना "नॅचरल हेअर" म्हणून जे सुंदर ब्रश वापरले ते मुंगसाच्या केसांचे होते, हे फार उशिरा कळलं. पिवळसर-करडे, टोकाला गडद, मध्ये फिका पट्टा असा केस असतो. वन्यजीव कायद्यानं (१९७२ चा) त्याचा व्यापार बंद आहे, तरी अधूनमधून दिसतो. आता मी सिंथेटिक वापरतो आणि खरं सांगू, जलरंगाला फार फरक पडत नाही. हाताला सवय व्हायला महिना लागला.

दुसरी वस्तू याहून किळसवाणी. पूजासाहित्याच्या दुकानात आणि ऑनलाइन "हाथाजोडी" मिळते. दोन हात जोडल्यासारखी मुळी, तिजोरीत ठेवा, पैसा येतो वगैरे. ती मुळी नाहीच. ते नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय आहे. माझ्या आत्याच्या देवघरात होतं, शेंदूर लावलेलं. सांगितल्यावर तिचा चेहरा बघण्यासारखा होता. दुतोंड्या म्हणून विकलं जाणारं मांडूळ, वास्तूसाठी पाळलेलं चांदणी कासव, पिंजऱ्यातला पोपट, सगळी त्याच माळेतली. घेणारा आपल्यातलाच असतो.

---

सुंभ_आणि_पीळ | २१ फेब्रुवारी, दुपारी १२:४०

कोकणातनं एक छोटी भर. वेळासच्या समुद्रकिनाऱ्यावर २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रनं गावकऱ्यांना घेऊन कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. आधी हीच माणसं अंडी काढून न्यायची. आता महोत्सव होतो, घराघरात पाहुणे असतात, झालं ते चांगलंच. पण पाहुण्यांनी एवढं करावं: रात्री किनाऱ्यावर बॅटरी आणि फ्लॅश नको, गाडी वाळूत घालू नये, आणि पोरांनी खणलेले खड्डे उठताना बुजवावेत. पिल्लू उजेडाकडे चालतं, आणि समुद्राऐवजी रिसॉर्टचा दिवा दिसला की तिकडे जातं. खड्ड्यात पडलं की सकाळी कावळा असतोच. इतकासा जीव, त्याला वीतभर खड्डाही तुमच्या शेततळ्यासारखाच.

पावसाळ्यात घाटातनं गाडी चालवणाऱ्यांना पण सांगणं आहे. पहिल्या पावसाच्या रात्री रस्ता बेडकांनी भरतो. आंबोलीला या तर सावकाश या.

---

निफाडचा_मळेकरी | ८ मार्च, रात्री ९:१५

उशीर झाला, खरड छाटणीची तयारी चालू होती. पण केलं.

तीन कोपऱ्यांत टायरच्या माळा, चौथ्यात बारदानाचा पट्टा तसाच ठेवला. दोर आणि खांब धरून सातशेच्या आत झालं, टायर फुकट. कुंपणाच्या जाळीखाली एका जागी पाणी वाहून घळ पडली होती, कोल्हा तिथूनच शिरला असणार. ती बुजवली. मग वडील म्हणाले, आत येऊ नको म्हणतोस, मग पाणी कुठे पिणार? ते बरोबर होतं. म्हणून कुंपणाबाहेर बाभळीखाली सिमेंटचं उथळ भांडं केलं, एका अंगाला उतार, आत चार दगड. ठिबकची एक नळी काढून दिली आहे, बाग भिजते तेव्हा तेही भरतं. डास होऊ नयेत म्हणून दोन-तीन दिवसांनी खराट्यानं घासून ओतून टाकतो. मधमाश्या इतक्या येतात की दुपारी जवळ जाववत नाही.

गेल्या मंगळवारी सकाळी पूर्वेच्या माळेवर ओले ठसे होते, खालपासून वरपर्यंत, मांजराच्या पावलाएवढे. बांधावर येऊन मातीत गेले आणि पुढे वाळले होते. मुलगा म्हणतो मुंगूस, वडील म्हणतात उदमांजर. भांडण मिटलेलं नाही.

अडचण एकच. बारदान तीन आठवड्यांतच कुजायला लागलंय, पाण्याच्या रेषेला बोट घातलं तर आरपार जातं. पण नखं रोवायला टायरपेक्षा तेच बरं वाटतं, लहान जनावराचा पाय टायरच्या भोकातून जातो. कुजणार नाही असं काय टाकू?

---

सुंभ_आणि_पीळ | ८ मार्च, रात्री ९:५०

काथ्या. नारळाच्या सोडणाचा. खाऱ्या पाण्यात होडी वर्षानुवर्षं त्याच दोरावर बांधलेली असते, तुमच्या गोड्या पाण्यातही तो बारदानापेक्षा पुष्कळ टिकेल. काथ्याच्या जाळीच्या पायपुसण्या मिळतात त्या एकाला एक जोडा, किंवा नुसता सुंभ शिडीसारखा विणा. आमच्या वखारीत जुना जाड सुंभ पडलेला आहे, चाळीसेक हात असेल. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, एसटीच्या पार्सलनं पाठवतो.

---

निफाडचा_मळेकरी | ८ मार्च, रात्री १०:०२

व्यनि केला. पार्सलच्या परतीला द्राक्षं पाठवतो, कोल्ह्यानं ठेवली तर.